जाती, व्यक्ती आणि खेचर

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'प्राणिशास्त्राचे तत्त्वज्ञान' असे कळवले होते. पत्रिकेवर छापून आले ते 'नवीन जाती कशा निर्माण होतात?' आज दारातच दोन गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "सर, जातिव्यवस्थेवर बोलणार ना?" आम्ही म्हटलं, नाही हो, माशा, वाटाणे आणि खेचरं यांच्यावर बोलणार आहोत. त्यांचा चेहरा जरा पडला. पण आत येता येता वाटलं की त्यांचा गैरसमज अगदीच वावगा नव्हता. शब्दच तसा आहे. तिथे आपण शेवटी येऊ.

आधी शब्दच घेऊ. शाळेच्या पुस्तकात प्राण्यांची उतरंड असते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. यातली शेवटची पायरी, म्हणजे जाती, ही आमच्या धंद्यातली फार जुनी वस्तू. आम्ही तत्त्वज्ञानवाले. न्याय-वैशेषिक शिकवताना 'जाती' हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो. समोर शंभर गायी आहेत, एक काळी, एक कपिला, एक लंगडी. तरी प्रत्येकीला आपण गायच म्हणतो. का? तर प्रत्येकीत 'गोत्व' आहे. ते एकच आहे, नित्य आहे आणि सगळ्या गायींत राहतं. गाय मरते, गोत्व मरत नाही. ही झाली जाती, आणि ती काळी, ती लंगडी या झाल्या व्यक्ती. बौद्ध म्हणाले, असलं काही गोत्व नसतंच. खरी असते ती समोरची एकेक वस्तू, बाकी आपल्या बुद्धीची सोय. दिङ्नाग आणि धर्मकीर्तींपासून हा वाद काही शतकं चालला. एक खुलासा करतो. नैयायिकांना प्राणिशास्त्र करायचं नव्हतं. शब्दाला अर्थ कसा येतो, ज्ञान कसं होतं, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा 'आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं' असं आम्ही म्हणतो आहोत असं कृपा करून समजू नका. तसं म्हणणाऱ्यांची आज वाण नाही.

पण एकदा काय झालं, वर्गात आम्ही हे शिकवत होतो. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, मूळचा प्राणिशास्त्राचा. तो उठला. "सर, घोड्यात अश्वत्व, गाढवात गर्दभत्व. मग खेचरात काय?" आम्ही तोऱ्यात म्हटलं, "खेचरत्व." तो म्हणाला, "पण सर, खेचराला पिल्लं होत नाहीत. प्रत्येक खेचर नव्यानं करावं लागतं. मग ही जाती कसली?" आम्ही 'पुढच्या तासाला बघू' असं म्हणालो. शिक्षकाचं हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुढचा तास आला नाही. तो मुलगा आज कुठे आहे ठाऊक नाही, पण त्याच्या प्रश्नानं आम्हाला निवृत्तीनंतर पुन्हा वाचायला बसवलं.

खेचर हा प्राणिशास्त्राच्या पायातला दगड आहे. ॲरिस्टॉटलने लेस्बॉस बेटावरच्या खाजणात मासे आणि गोगलगायी न्याहाळल्या, जवळजवळ पाचशे प्राण्यांची नोंद केली, आणि खेचर वांझ का, यावर बरीच पानं खर्च केली. त्याचं उत्तर चुकलं, पण प्रश्न बरोबर होता. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्युफाँने गाढवावर लिहिताना एक मोठी गोष्ट केली. घोडा आणि गाढव दिसायला इतके जवळचे, मग त्यांना वेगळं का म्हणायचं? त्याने दिसणं बाजूला ठेवलं आणि विचारलं, यांची संतती पुढे चालते का? चालत नसेल तर जाती दोन. म्हणजे जाती ओळखायची ती लक्षणांवरून नव्हे, तर पिढ्यांच्या साखळीवरून. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. 'गोत्व कशात आहे' हा प्रश्न जाऊन 'कोण कोणापासून झालं' हा प्रश्न आला.

ब्युफाँच्याच वर्षी, १७०७ साली, स्वीडनमध्ये लिनियस जन्मला. हा गृहस्थ मात्र पक्का गोत्ववादी, म्हणायला हरकत नाही. देवाने आरंभी जितके आकार घडवले तितक्याच जाती, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्याच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती ही आजही प्राण्यांच्या नावांची सुरुवात मानतात. आता गंमत पाहा. १७४० च्या दशकात स्टॉकहोमजवळच्या एका बेटावरून त्याच्याकडे एक रोप आलं. झाड ओळखीचं, लिनारिया, पण फूल भलतंच. नेहमीचं फूल डावं-उजवं असं एका बाजूला झुकलेलं. हे मात्र चहूबाजूंनी सारखं, पाच शेपट्यांचं. लिनियसने त्याला 'पेलोरिया', म्हणजे अक्राळविक्राळ, असं नाव दिलं. गायीच्या पोटी लांडग्याच्या तोंडाचं वासरू यावं तसं हे आहे, अशा अर्थाचं तो म्हणाला. पाहा, त्यालाही गायच आठवली! या फुलाने त्याची झोप उडवली. नव्या जाती होत नाहीत हे विधान त्याने पुढच्या आवृत्तीतून गुपचूप काढून टाकलं. आमच्या मते त्याच्या साऱ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक कृत्य हेच. पेलोरिया लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

डार्विनची कथा तुम्हाला ठाऊक आहे, ती आम्ही सांगत बसत नाही. बोट, बेटं, चिमण्यांच्या चोची, १८५९ चा ग्रंथ. आम्हाला एवढंच सांगायचं आहे की डार्विनने जाती आणि व्यक्ती यांची अदलाबदल केली. आधीच्या लोकांच्या लेखी जाती हे सत्य, आणि व्यक्ती-व्यक्तींतला फरक म्हणजे साच्यातून निघताना राहिलेला दोष. डार्विनच्या लेखी तो फरक हेच भांडवल. फरक नसेल तर निसर्ग निवड कशातून करणार?

पण या भांडवलाचा हिशेब त्याला लागत नव्हता. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेन्किन नावाच्या एका इंजिनिअरने, समुद्रातून तारा टाकणाऱ्या माणसाने, डार्विनच्या ग्रंथाचं परीक्षण लिहिलं. त्या काळी सगळे, डार्विनसुद्धा, असं मानत की आई-बापांचे गुण संततीत मिसळतात, चहात साखर विरघळावी तसे. जेन्किनने विचारलं, असं असेल तर एखाद्या प्राण्यात आलेला चांगला नवा गुण टिकणार कसा? त्याची जोडी साध्या प्राण्याशी. मुलांत गुण निम्मा, नातवंडांत पाव, पणतवंडांत दोन आणे. निवड करायला निसर्गाने हात पुढे करावा तोवर गुण पाण्यात गेलेला. आक्षेप बिनतोड होता. त्याने दिलेलं उदाहरण मात्र आज वाचवत नाही. काळ्यांच्या बेटावर जहाज फुटून आलेला एक गोरा, तो अर्थातच सर्व बाबतींत श्रेष्ठ, आणि त्याचा 'गोरेपणा' पिढ्यांत कसा विरघळतो, असं ते उदाहरण. इतका हुशार माणूस, पण त्याच्याही डोक्यात माणसांचे साचे होतेच. हाही धागा राहू द्या.

डार्विन अस्वस्थ झाला. पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, त्याने आनुवंशिकतेचा आपला एक सिद्धांत मांडला. शरीराच्या प्रत्येक भागातून कण निघतात आणि बीजात गोळा होतात, असा. तो टिकला नाही. पण त्याच ग्रंथात एक प्रयोग आहे. स्नॅपड्रॅगनच्या बागेतल्या झाडांत डार्विनला पेलोरिक फुलांचं एक वाण मिळालं होतं. हो, तेच चहूबाजूंनी सारखं फूल. त्याने त्याचा साध्याशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडं साधी. त्यांच्या बियांपासून दुसरी पिढी, १२७ रोपं: ८८ साधी, ३७ पेलोरिक, २ मधली. मंडळी, गुण विरघळला असता तर तो असा आख्खाच्या आख्खा परत कसा आला? उत्तर डार्विनच्या हातात होतं. त्याने आकडे मोजले, छापले, आणि तो पुढे गेला. हे आम्ही त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. प्रश्न मनात नसेल तर उत्तर हातात असून दिसत नाही, हे आम्ही पंचेचाळीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासताना पाहिलं आहे.

ज्याच्या मनात प्रश्न होता तो ब्र्यूनच्या मठात होता. ग्रेगोर मेंडेल. हा शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा अयशस्वी झालेला माणूस. पण मधल्या काळात व्हिएन्नात भौतिकशास्त्र शिकून आलेला, आणि म्हणून मोजणारा. आठ वर्षांत त्याने अठ्ठावीस हजारांच्या आसपास वाटाण्याची झाडं तपासली. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक. अर्थ काय? तर गुण साखरेसारखा विरघळत नाही. डब्यात वाटाणे आणि हरभरे एकत्र करून कितीही हलवा, वाटाणा वाटाणाच राहतो, हरभरा हरभराच. पहिल्या पिढीत सुरकुती दिसली नाही, म्हणजे ती गेली नाही. ती झाकली गेली होती. जेन्किनच्या आक्षेपाला याहून साधं उत्तर नाही. मेंडेलने ते १८६५ मध्ये वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं. म्हणजे आक्षेप येण्याच्या आदल्या वर्षीच उत्तर छापून तयार होतं!

लोक मेंडेलला वाटाण्याचा माणूस समजतात, पण त्याच्या निबंधाचा विषय वाटाणा नव्हता, संकर हा होता. संकरातून नवी स्थिर जाती होऊ शकते का, हा त्या काळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा जुना प्रश्न. म्हणून तो पुढे हॉकवीड नावाच्या रानफुलाकडे वळला, आणि तिथे त्याचे नियम लागू पडेनात. संकराची पुढची पिढी हुबेहूब तशीच येई. कारण फार पुढे कळलं. ते झाड बऱ्याचदा परागाशिवायच बी धरतं. बिचाऱ्याने नियम तपासायला नेमकी तीच वनस्पती निवडली जिला बापाची गरज नव्हती. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला, करांच्या भांडणात अडकला आणि १८८४ मध्ये गेला.

१९०० साली मेंडेल पुन्हा सापडला. तुम्ही म्हणाल, आता डार्विनचा हिशेब जुळला. नाही! पुढची वीस-पंचवीस वर्षं मेंडेलवाले आणि डार्विनवाले एकमेकांच्या उरावर बसले होते. ह्यूगो द फ्रीस या डच शास्त्रज्ञाला हिल्व्हर्सुमजवळच्या एका सोडून दिलेल्या बटाट्याच्या शेतात ईनोथेरा नावाचं फुलझाड मिळालं, ज्यातून एका पिढीत, एका उडीत, नवे प्रकार निघत. तो म्हणाला, जाती अशा होतात. डार्विनची हळूहळू निवड कशाला हवी? पुढे कळलं की त्या झाडाची गुणसूत्रंच विचित्र गुंतलेली होती आणि त्याच्या बहुतेक 'नव्या जाती' या त्या गुंत्यातल्या फेरजुळण्या होत्या. इंग्लंडात बेटसनने या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव दिलं, पण निवडीवर त्याचाही फारसा विश्वास नव्हता. हा वाद गणिताने मिटवला. १९१८ मध्ये फिशरने दाखवलं की उंचीसारखा सलग बदलणारा गुणही अनेक मेंडेली घटकांच्या बेरजेतून येऊ शकतो. मग हॉल्डेन आले. १९५७ मध्ये ते आपल्या देशात राहायला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये खेचराला नियम लावला. दोन जातींच्या संकरात एकाच लिंगाची संतती वांझ किंवा दुर्मीळ असेल, तर ते लिंग असतं दोन वेगवेगळी लिंगसूत्रं बाळगणारं. सस्तन प्राण्यांत आणि माशांत (म्हणजे घरमाशीतल्या माशांत, पाण्यातल्या नव्हे) नर. पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. नर खेचर वांझच. खेचरी मात्र क्वचित, अगदी क्वचित, विते. पण वांझपणा मुळात येतो कुठून? डार्विनला हेच कोडं पडलं होतं. निवड तर उपयोगी गुणाची होते. संतती वांझ होणं हा कुणाचा उपयोग?

याचं उत्तर थिओडोसियस डोब्झान्स्कीने दिलं. युक्रेनमध्ये जन्मलेला, लहानपणी भुंगेरे गोळा करणारा हा माणूस १९२७ मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गनच्या प्रयोगशाळेत आला आणि परत गेलाच नाही. त्याच्याकडे फळमाशीचे दोन प्रकार होते, अ आणि ब म्हणा. दिसायला इतके सारखे की त्यालाही डोळ्यांनी ओळखू येईनात. पण संकर केला की नर वांझ.

हे कसं होतं ते जात्याच्या उदाहरणाने सांगतो. एका घरी एक जातं होतं. दोन भाऊ वेगळे निघाले, प्रत्येकाने तसंच एक जातं नेलं. थोरल्याने पुढे खालची तळी बदलली, आपल्या वरच्या तळीशी नीट बसते ना हे पाहून. धाकट्याने दुसऱ्या गावी वरची तळी बदलली, आपल्या खालच्या तळीशी जुळवून. दोघांच्याही घरी पीठ उत्तम. मधे एक दिवसही कुणी उपाशी राहिलं नाही. मग नातवंडांनी हौसेने थोरल्याची नवी खालची तळी आणि धाकट्याची नवी वरची तळी एकत्र मांडली, आणि जातं फिरेना. दोष कुणाचा? कुणाचाच नाही. त्या दोन तळ्या एकमेकींवर कधी बसवून पाहिल्याच नव्हत्या. दोन समूह डोंगराने, समुद्राने तोडले जातात. प्रत्येकाच्या जनुकांत आपापल्या घरी चालणारे बदल होतात. आणि हजारो पिढ्यांनी भेट झाली की संतती वांझ. वांझपणाची निवड कुणी केली नाही. तो दुराव्याचा अपघाती परिणाम आहे. बेटसनने हीच कल्पना १९०९ मध्ये मांडली होती आणि ती सगळे विसरले. डोब्झान्स्कीच्या १९३७ च्या ग्रंथाने ती रुजवली. त्या 'ब' माशीला १९४४ मध्ये वेगळं नाव मिळालं, पर्सिमिलिस, म्हणजे 'अगदी सारखी'. दिसायला अगदी सारखी, तरी जाती निराळी! गोत्ववाद्याने इथे काय करावं?

अर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये याची व्याख्या केली. ज्यांच्यात निसर्गतः आपसांत संतती होते आणि इतरांशी होत नाही, असे समूह म्हणजे जाती. जिवाणूंना आणि बापाशिवाय बी धरणाऱ्यांना ही व्याख्या लागू पडत नाही, हे मान्य. पण प्राण्यांपुरती ती कामाची आहे.

आता दारात भेटलेल्या त्या दोन गृहस्थांकडे वळतो. मॉर्गनची ती माशांची खोली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होती. तिथल्याच ब्रिजेसने माशीच्या गुणसूत्रांवरून जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा पुरावा १९१६ मध्ये छापला. त्याच विद्यापीठात, त्याच वर्षी ९ मे रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा की जातीचं सार आहे स्वजातीतच लग्न करण्याचं बंधन, आणि ते बंधन टिकवण्यासाठी समाजाला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह असे उपाय योजावे लागले. या योगायोगातून आम्हाला काही संबंध काढायचा नाही. पण दोन्ही निबंध शेजारी ठेवून पाहा. प्राण्यांच्या जातीत कुंपण आतूनच येतं. त्या दोन माशांना कुणी बजावावं लागत नाही. माणसांच्या जातीत कुंपण राखायला पहारा लागतो, कारण आतून काहीच अडत नाही. ज्याला पहारा लागतो तो भेद निसर्गाचा नव्हे.

१९३६ मध्ये लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि देऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या नावाखाली जातीचं समर्थन करणाऱ्यांना उत्तर दिलं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचा वंश एकच, असं त्यांनी लिहिलं. आणि तिथे दाखला कुणाचा दिला? बेटसनचा! बुद्धीचे उच्च गुण एखाद्याच ठरावीक रीतीने वारशात उतरतात असं मानायला आधार नाही, हे त्यांनी आनुवंशिकीच्या पुस्तकातून दाखवलं. युरोप-अमेरिकेत मोठमोठे प्राध्यापक तेव्हा मेंडेलचं नाव घेऊन 'हीन रक्त' मोजत होते, हे ध्यानात घ्या. 'ब्राह्मणत्व', 'शूद्रत्व' असं माणसांत काही नित्य राहतं, हा विचार गोत्वाच्या साच्यातूनच ओतलेला आहे. आमच्या शास्त्राने त्याला शतकानुशतकं सुंदर परिभाषा पुरवली. मीमांसकांनी तर ब्राह्मणत्व ही खरीखुरी जाती आहे असं प्रतिपादन केलं, आणि धर्मकीर्तीच्या पंथाने ते खोडलं. हे वर्गात शिकवताना आम्ही बऱ्याचदा गायीपाशीच थांबत असू. गाय सोयीची असते.

१९७४ मध्ये मायकेल गिसेलिन या जीवशास्त्रज्ञाने, आणि पाठोपाठ डेव्हिड हल या तत्त्वज्ञाने, म्हटलं की प्राण्यांची जाती ही मुळात जाती नाहीच, ती व्यक्ती आहे. म्हणजे 'वाघ' हा गुणांचा वर्ग नव्हे. तो कधीतरी जन्मलेला, पसरलेला आणि एक दिवस नष्ट होणारा एकच इतिहास आहे, आणि प्रत्येक वाघ त्याचा अवयव. हे वाचलं त्या रात्री आम्हाला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याला उत्तर देता आलं असतं. खेचर ही जाती नाही, कारण तिला इतिहास नाही. प्रत्येक खेचराची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

उदयनाचार्यांनी जाती मानण्याला ज्या सहा अडचणी सांगितल्या, त्यांत एक आहे 'संकर'. त्यांचा संकर तर्कातला: दोन वर्ग एकमेकांत घुसले तर त्यांना जाती म्हणता येत नाही. खेचराशी त्याचा संबंध नाही, शब्द तेवढा तोच. पण संकर झाला की जाती संपली, हे प्राण्यांतही नेहमी खरं नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून गालापागोसच्या डॅफ्ने मेजर या इवल्या बेटावर डार्विनच्या फिंचांची पैदास नोंदवत होतं. १९८१ मध्ये तिथे शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या बेटावरून एक अनोळखी नर आला, आकाराने मोठा, गाणं वेगळं. त्याची जोडी इथल्या मादीशी जमली. मुलगे बापाचं गाणं शिकले. त्या गाण्याला इथल्या इतर माद्या भुलेनात, आणि काही पिढ्यांत ही मंडळी आपसांतच जोड्या करू लागली. मग मोठा दुष्काळ पडला. त्यातून फक्त एक भाऊ आणि एक बहीण वाचली, आणि त्यांच्यापासून वंश पुन्हा सुरू झाला. पुढे ते सुमारे तीस पक्षी झाले. २०१७ मध्ये त्यांची जनुकं वाचून हे प्रसिद्ध झालं. त्यांना अजून जातीचं नाव दिलेलं नाही. ग्रँट दांपत्य त्यांना नुसतं 'मोठा पक्षी' म्हणतं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या बाकावरच्यांनी आधी.